मोटारगाडीतील ध्वनिआज्ञा व माहितीयंत्रणा

चालत्या मोटारगाडीतील रेडिओ, दूरध्वनी, मार्गदर्शक नकाशा, वातानुकूलक इ. साधने चालकाला केवळ तोंडी आज्ञा देऊन चालविता यावीत आणि मार्ग, रहदारी व गाडीची स्थिती यांविषयीची माहिती त्याला आवाजाच्या किंवा पडद्याच्या द्वारे मिळावी, यासाठी गाडीत बसविलेल्या संगणकीय योजनेला ही संज्ञा लावतात. संगीत, संभाषण, नकाशा व चित्र ही सर्व एकाच ठिकाणी एकत्र आल्यामुळे तिला बहुमाध्यमी यंत्रणा असेही म्हणतात. तिच्या इतिहासात दोन प्रवाह दिसतात. गाडीत माहिती आणणारी साधने हा पहिला व अधिक जुना प्रवाह होय. त्याला व्यापारी स्वरूप १९३० च्या सुमारास रेडिओमुळे आले. मानवी वाणी यंत्राला कळावी यासाठी झालेले संशोधन हा दुसरा प्रवाह. तो १९५० नंतर प्रयोगशाळांत वाढला व शतकाच्या अखेरीस गाडीत येऊन पहिल्याला मिळाला. दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच होता : चालकाचे लक्ष मर्यादित असते आणि त्यावर पहिला हक्क रस्त्याचा असतो. गाडीत आलेल्या प्रत्येक नव्या साधनाने या लक्षातील काही वाटा मागितला आणि तो वाटा कमी करण्यासाठी पुढचे साधन शोधले गेले. तोंडी आज्ञा हा या मालिकेतील अलीकडचा उपाय आहे. तो कितपत पुरा पडतो, हे यंत्राला चालकाची भाषा किती चांगली कळते यावर बरेचसे अवलंबून असते.

रेडिओ व ध्वनिमुद्रण : १९२० नंतरच्या दशकात काही हौशी लोकांनी घरगुती रेडिओ गाडीत बसवून पाहिले होते, परंतु ते अवजड होते आणि एंजिनातील ठिणग्यांमुळे त्यांत फार खरखर होई. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० मध्ये गाडीसाठी खास तयार केलेला रेडिओ विक्रीस आणला. मोटारगाडी व ध्वनी यांची सांगड सुचविणारे ‘मोटोरोला’ हे त्याचे नाव पुढे कंपनीलाच मिळाले. यूरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्ट या नाममुद्रेचा रेडिओ आला. त्याचे वजन सु. १५ किग्रॅ. होते व तो चालकाच्या हाताशी बसविता येत नसल्याने त्याची खुंटी स्टिअरिंगजवळ वेगळी दिलेली होती. साधन दूर व त्याचे नियंत्रण हाताजवळ, ही आजच्या गाड्यांतील मांडणी इतकी जुनी आहे. रेडिओमुळे चालकाचे लक्ष विचलित होते, या कारणास्तव अमेरिकेत त्याच काळात काही ठिकाणी त्यावर बंदी घालण्याचे प्रस्ताव पुढे आले. रेडिओमुळे चालक जागा राहतो, असा प्रतिवाद करण्यात आला. पुढील प्रत्येक साधनाच्या वेळी हाच वाद नव्या रूपाने झाला.

क्रायस्लर कंपनीने १९५६ च्या गाड्यांत पीटर गोल्डमार्क यांनी योजलेला ध्वनिमुद्रिकावादक दिला. त्यातील लहान ध्वनिमुद्रिका मिनिटाला १६ २/३ फेरे या मंद गतीने फिरत. गाडीला धक्के बसत असता ध्वनिमुद्रिका सांभाळणे सोपे नव्हते व त्या ठराविकच मिळत. त्यामुळे हा प्रयोग थोड्याच वर्षांत मागे पडला. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने आणलेली लहान कॅसेट आणि फोर्ड कंपनीच्या १९६६ च्या गाड्यांतील आठ मार्गी फीत यांनी ही अडचण दूर केली.

रेडिओ हे करमणुकीप्रमाणेच माहितीचेही साधन आहे, ही जाणीव पश्चिम जर्मनीत प्रथम पद्धतशीरपणे अमलात आली. तेथे १९७४ मध्ये रहदारीच्या वार्तांसाठी विशेष पद्धत सुरू झाली. केंद्र रहदारीची सूचना देऊ लागले, की प्रक्षेपणाबरोबर एक सांकेतिक लहर पाठविली जाई व गाडीतील रेडिओचा आवाज आपोआप वाढे. चालकाला काहीही करावे लागत नसे. १९८४ मध्ये यूरोपीय प्रक्षेपण संघाने रेडिओबरोबर अंकीय माहिती पाठविण्याचे प्रमाणित तंत्र प्रसिद्ध केले. त्यामुळे केंद्राचे नाव पट्टीवर अक्षरांत दिसू लागले व पुढे रहदारीच्या सूचनाही सांकेतिक रूपात पोहोचू लागल्या.

मार्गदर्शक यंत्रणा : रस्ता विचारण्यासाठी गाडी थांबवावी लागू नये, ही इच्छा मोटारगाडीइतकीच जुनी आहे. जपानमधील होंडा कंपनीने १९८१ मध्ये नकाशावर आधारलेली मार्गदर्शक यंत्रणा विक्रीस ठेवली. तिची गणना अशा प्रकारच्या पहिल्या व्यापारी यंत्रणांत होते. तीत हेलियम वायूच्या प्रवाहावर आधारलेली घूर्णी गाडीची दिशा मोजी, चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर कळे आणि लहान ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर ठेवलेल्या पारदर्शक नकाशामागे एक प्रकाशबिंदू सरके. एक नकाशा संपला, की चालकाला तो हाताने बदलावा लागे. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या ‘एटॅक’ यंत्रणेत नकाशा अंकीय रूपात कॅसेटवर नोंदलेला असे. पॅसिफिक महासागरातील बेटांवरील नाविकांच्या दिशाशोधनाच्या पद्धतीवरून तिला हे नाव देण्यात आले. नावाडी स्थिर आहे व बेटेच सरकत आहेत, असे त्या पद्धतीत मानले जाते. त्याप्रमाणे पडद्यावर गाडीचे चिन्ह एकाच जागी राही व नकाशा तिच्याभोवती फिरे. आजच्या बहुतेक मार्गदर्शक नकाशांत हीच रीत दिसते.

उपग्रहांवरून स्थान ठरविणारी यंत्रणा गाडीत बांधूनच देण्याचा आरंभ १९९० मध्ये माझ्दा कंपनीच्या ‘यूनोस कॉस्मो’ या गाडीने केला. मात्र अमेरिकेने नागरी उपयोगासाठी मिळणाऱ्या संकेतांत हेतुपुरस्सर दोष ठेवला होता. २००० च्या मे महिन्यात तो काढून टाकल्यावर स्थाननिश्चितीतील चूक सु. १०० मी. वरून १० ते २० मी. पर्यंत खाली आली व शहरातील गल्लीही नकाशावर बिनचूक सापडू लागली. दरम्यान ‘उजवीकडे वळा’ अशा बोललेल्या सूचना देण्याची सोय मार्गदर्शक यंत्रणांत झाली होती. नकाशा पाहण्याऐवजी ऐकणे हे डोळ्यांना रस्त्यावर राहू देणारे असल्यामुळे या सोयीचे महत्त्व मोठे आहे.

बोलणाऱ्या गाड्या : यंत्राला ऐकता येण्यापूर्वी त्याला बोलता येऊ लागले. १९८१ मध्ये डॅटसन कंपनीच्या ‘मॅक्सिमा’ गाडीत एक चिमुकला ध्वनिमुद्रिकावादक बसविलेला होता. दिवे चालू राहिले असता तो ध्वनिमुद्रित आवाजात तसे सांगे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९७८ मध्ये मुलांना शब्दलेखन शिकविणाऱ्या खेळण्यासाठी वाणी निर्माण करणारी अर्धसंवाहक चकती तयार केली होती. त्याच तंत्राच्या आधारे क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या काही गाड्यांना ‘बोलते’ केले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ऑस्टिन ‘माएस्ट्रो’ गाडीच्या काही प्रकारांत स्त्रीच्या आवाजातील सूचना आल्या. ग्राहकांना मात्र हे बोलणे फारसे रुचले नाही. दार उघडे असल्याचे सांगणारे क्रायस्लरच्या गाडीतील इंग्रजी वाक्य ‘दार म्हणजे बरणी’ असेही ऐकू येई व त्यावर बरेच विनोद झाले. तीच सूचना पुनःपुन्हा ऐकावी लागणे आणि उलट उत्तर देण्याची सोय नसणे, ही या गाड्यांची खरी उणीव होती. थोड्याच वर्षांत बहुतेक उत्पादकांनी हे बोलणे बंद करून साध्या घंटीचा आवाज ठेवला.

पडदा : जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागाने १९८६ च्या ‘रिव्हिएरा’ गाडीत बोटाच्या स्पर्शाने चालणारा ऋण किरण नलिकेचा पडदा दिला. रेडिओ, वातानुकूलन व गाडीची स्थिती हे सर्व त्या एका पडद्यावरून चालविता येई. परंतु पूर्वी बोटांनी चाचपून फिरविता येणारी खुंटी आता डोळ्यांनी शोधावी लागू लागली. ही तक्रार इतकी झाली, की ही योजना काही वर्षांतच मागे घेण्यात आली. १९९० नंतर सपाट द्रव-स्फटिक पडदे स्वस्त झाल्यावर पडदा परत आला व पुढे मोठा होत गेला. बी. एम. डब्ल्यू. कंपनीने २००१ मध्ये आपल्या मोठ्या गाडीत अनेक बटणांऐवजी एकच फिरणारी खुंटी व पडदा ही योजना केली. तीत गाडीतील कामे याद्यांच्या आत याद्या अशा रीतीने मांडलेली असल्याने ती शिकणे प्रथम अवघड गेले. कामांची संख्या वाढली, की ती मांडण्यास बटणे पुरत नाहीत आणि पडद्यावर मांडली, की पाहावे लागते. या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून वाणीकडे पाहिले जाऊ लागले.

वाणी-अभिज्ञान : (बोललेले शब्द यंत्राने ओळखणे). अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ मध्ये ‘ऑड्री’ हे यंत्र तयार करण्यात आले. शून्य ते नऊ हे अंक मध्ये थांबत बोलले, तर ते ओळखी. मात्र ते बोलणाऱ्याच्या आवाजाशी आधी जुळवून घ्यावे लागे. आय. बी. एम. कंपनीने १९६२ मध्ये सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात १६ शब्द ओळखणारे लहान यंत्र दाखविले. प्रगती इतकी मंद होती, की बेल प्रयोगशाळेतीलच जे. आर. पिअर्स यांनी १९६९ मध्ये या संशोधनाच्या उपयुक्ततेविषयी जाहीर शंका घेतली. शब्दांचा अर्थ व भाषेची रचना ठाऊक असल्याखेरीज केवळ ध्वनीवरून बोलणे कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

१९७१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने पाच वर्षांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातून कार्नेगी-मेलन विद्यापीठात १९७६ मध्ये ‘हार्पी’ ही सु. १,००० शब्दांची प्रणाली तयार झाली. या विद्यापीठातील संशोधनाचे नेतृत्व राज रेड्डी यांच्याकडे होते. आजच्या आंध्र प्रदेशातील खेड्यात जन्मलेल्या रेड्डी यांना पुढे १९९४ मध्ये संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. याच सुमारास जेम्स बेकर व आय. बी. एम. मधील फ्रेडरिक जेलिनेक यांनी संभाव्यतेवर आधारलेली पद्धत रूढ केली. तीत उच्चारांचे नियम यंत्राला शिकविले जात नाहीत. अनेक माणसांच्या बोलण्याच्या नोंदींवरून कोणत्या ध्वनीमागून कोणता ध्वनी व कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे मोजले जाते. या पद्धतीने रेड्डी यांचे विद्यार्थी काई-फू ली यांनी १९८८ च्या सुमारास ‘स्फिंक्स’ ही प्रणाली सिद्ध केली. कोणाही व्यक्तीचे सलग बोलणे ती आधी सराव न करता ओळखू शके. २०१० नंतर अनेक थरांच्या कृत्रिम तंत्रिका-जालांमुळे चुकांचे प्रमाण पुन्हा मोठ्या प्रमाणात घटले.

या पद्धतींचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावयास हवे. यंत्राला जी भाषा व ज्या बोली कळतात, त्या त्यांच्या ध्वनिमुद्रित नोंदी पुरेशा असल्यामुळेच कळतात. ज्या भाषेच्या नोंदी थोड्या, ती भाषा यंत्राला कमी कळते. बोलणाऱ्याच्या उच्चारात दोष असतो असे नव्हे.

गाडीतील विशेष अडचणी : शांत खोलीत चांगले चालणारे वाणी-अभिज्ञान गाडीत अडखळते. एंजिन, टायर व वारा यांचा आवाज, पावसाचा मारा, उघडी काच, मागे बसलेल्यांचे बोलणे व खुद्द रेडिओ हे सर्व चालकाच्या आवाजात मिसळते. मायक्रोफोन तोंडापासून दूर, बहुधा छताच्या पुढील भागात असतो. यांखेरीज एक शारीरिक अडचण आहे. फ्रेंच वैद्य एत्येन लाँबार यांनी १९११ मध्ये असे दाखविले होते, की गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो. अशा वेळी केवळ आवाजाची पातळी वाढत नाही, तर स्वरांची लांबी व ध्वनीची घडणही बदलते. त्यामुळे शांततेत शिकलेल्या यंत्राला गोंगाटातील तोच शब्द वेगळा वाटतो.

यावर तीन प्रकारचे उपाय योजतात. पहिला उपाय, एकाहून अधिक मायक्रोफोन बसवून चालकाच्या दिशेकडून येणारा आवाजच वेचून घेणे. दुसरा, स्थिर गोंगाटाचा अंदाज घेऊन तो मिळालेल्या संकेतातून वजा करणे व गाडीच्या ध्वनिवर्धकातून निघणारा रेडिओचा आवाज ज्ञात असल्यामुळे तोही काढून टाकणे. तिसरा उपाय अगदी साधा आहे : स्टिअरिंगवरील बटण दाबल्यावरच यंत्राने ऐकावयास लागावे व त्या वेळी रेडिओ बंद व्हावा. ठराविक संबोधन उच्चारल्यावर जागे होणारी यंत्रणा नंतर आली, तरी बटण अद्यापि टिकून आहे.

गाडीतील ध्वनिआज्ञा : मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९९६ मध्ये आपल्या मोठ्या गाडीत ‘लिंग्वाट्रॉनिक’ ही यंत्रणा दिली. तिचे मुख्य काम दूरध्वनी लावणे हे होते. चालकाने अंक उच्चारावेत, यंत्राने ते परत म्हणून दाखवावेत आणि चालकाने होकार दिल्यावर दूरध्वनी लावावा, असा तिचा क्रम असे. १९९९ मध्ये जॅग्वार कंपनीने ‘एस-टाइप’ गाडीत रेडिओ व वातानुकूलन यांसाठी तोंडी आज्ञांची सोय केली. या आरंभीच्या यंत्रणांत आज्ञा ठराविक शब्दांत व ठराविक क्रमानेच द्यावी लागे. त्यांची यादी मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेली असे. चालकाने यादी पाठ करणे म्हणजे यंत्राने माणसाची भाषा शिकण्याऐवजी माणसाने यंत्राची भाषा शिकणे होय.

होंडा कंपनीने आय. बी. एम. च्या सहकार्याने २००४ मध्ये अमेरिकेतील शहरांची व रस्त्यांची नावे उच्चारून मार्ग मागण्याची सोय केली. फोर्ड कंपनीने २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘सिंक’ ही यंत्रणा मध्यम किंमतीच्या गाड्यांतही आणली. चालकाचा स्वतःचा भ्रमणध्वनी बिनतारी पद्धतीने गाडीला जोडून त्यातील नावे व गाणी तोंडी मागता येऊ लागली. २०१४ मध्ये ॲपल कंपनीची ‘कारप्ले’ व २०१५ मध्ये गूगलची ‘अँड्रॉइड ऑटो’ या योजनांमुळे भ्रमणध्वनीचाच पडदा व त्याचीच वाणी गाडीत उमटू लागली. २०१८ मध्ये मर्सिडीज-बेंझने नेहमीच्या बोलण्यातील वाक्ये समजू शकणारी नवी यंत्रणा लहान गाडीपासून सुरू केली. तीत ‘तापमान बावीस कर’ या आज्ञेऐवजी ‘मला थंडी वाजते’ एवढे म्हटले तरी चालते.

अशा यंत्रणांत ओळखण्याचे काम काही अंशी गाडीत व काही अंशी दूरच्या संगणकावर होते. दूरच्या संगणकाची शक्ती मोठी असते. परंतु त्यासाठी भ्रमणध्वनीचे जाळे लागते. घाटात किंवा डोंगरी भागात जाळे तुटले, की यंत्राची समज एकाएकी कमी होते आणि नेमकी अशाच वळणावळणांच्या रस्त्यावर चालकाला मदतीची गरज अधिक असते. चालकाचे बोलणे गाडीबाहेर जात असल्यामुळे त्याच्या खाजगीपणाचा प्रश्नही उभा राहतो.

लक्ष व सुरक्षितता : १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॉन सेंडर्स यांनी एक धाडसी प्रयोग केला. चालकाच्या शिरस्त्राणाला लावलेली अपारदर्शक झडप ठराविक काळाने डोळ्यांसमोर खाली येई. रस्ता न पाहता गाडी किती वेळ सुरक्षित चालविता येते, हे त्यावरून मोजण्यात आले. वेग व वळणे वाढली, की चालकाला रस्ता अधिक वेळा पाहावा लागतो, हे त्यातून सिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाडीतील साधनाकडे एका वेळी दोन सेकंदांहून अधिक व एका कामासाठी एकूण बारा सेकंदांहून अधिक काळ पाहावे लागू नये. ताशी ८० किमी. वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सु. ४४ मी. पुढे जाते, हे ध्यानी घेतल्यास या मर्यादेचे महत्त्व कळते.

डोळे मोकळे राहिले म्हणजे मनही मोकळे राहते असे नाही. ब्रिटनमध्ये आयव्हन ब्राउन व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चालकांना दूरध्वनीवरून विचार करावयास लावणारे प्रश्न विचारीत त्यांच्याकडून गाडी चालवून घेतली. गाडी वळविणे व सांभाळणे यांत फारसा फरक पडला नाही. परंतु समोरच्या फटीतून गाडी जाईल की नाही, या निर्णयात चुका वाढल्या. कॅनडात डोनल्ड रेडेलमायर व रॉबर्ट टिब्शिरानी यांनी १९९७ मध्ये अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या नोंदी तपासल्या. दूरध्वनीवर बोलत असता टकरीचा धोका सु. चौपट होतो आणि दूरध्वनी हातात न धरता बोलल्याने तो घटतो असे दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तोंडी आज्ञांच्या यंत्रणांची तुलना करण्यात आली. काही यंत्रणांच्या बाबतीत आज्ञा देऊन झाल्यावरही सु. २७ सेकंदांपर्यंत चालकाचे लक्ष पूर्ववत होत नाही, असे आढळले. ताशी ६० किमी. वेगाने गाडी तेवढ्या वेळात ४५० मी. जाते. यंत्रणेने चुकीचे ऐकले, पुन्हा विचारले किंवा उत्तरास उशीर लावला, की हा भार वाढतो.

यावरून तोंडी आज्ञा निरुपयोगी ठरत नाही. हातात भ्रमणध्वनी घेऊन क्रमांक शोधण्यापेक्षा ती निश्चितच बरी. मात्र छोटी, एका वाक्यात संपणारी व प्रथमच बरोबर ओळखली जाणारी आज्ञाच खऱ्या अर्थाने सुरक्षित मानता येईल. यूरोपातील गाड्यांची सुरक्षा-चाचणी घेणाऱ्या संस्थेने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, भोंगा, काचपुसणी इ. महत्त्वाच्या कामांसाठी स्वतंत्र बटणे वा दांडे असणाऱ्या गाड्यांना गुण देण्याचे ठरविले. जे बोटांना न पाहता कळते ते बोटांकडेच ठेवावे, असा याचा अर्थ होतो.

भारतातील स्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ मध्ये करण्यात आलेल्या सुधारणेने वाहन चालविताना हातात धरलेले संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात गणले गेले. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार असे साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी व चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरता येते. स्थाननिश्चितीसाठी भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रहांची स्वतंत्र मालिका उभारली व २०१६ मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. भारतीय बाजारातील गाड्यांत तोंडी आज्ञांची सोय प्रथम मुख्यतः इंग्रजीतून होती. २०१९ मध्ये एम. जी. ‘हेक्टर’ सारख्या गाड्या भारतीय धाटणीचे इंग्रजी उच्चार लक्षात घेऊन बाजारात आल्या व त्यानंतर हिंदी आणि हिंदीमिश्रित इंग्रजी आज्ञा रूढ झाल्या. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोललेले शब्द लिहून घेण्याच्या आपल्या सेवेत मराठीचा समावेश केला व २०१८ मध्ये आपल्या संभाषक साहाय्यकालाही मराठी शिकविली. केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला असून भारतीय भाषांच्या ध्वनिमुद्रित नोंदी गोळा करणे हा त्याचा एक महत्त्वाचा भाग आहे.

मराठी भाषेचे प्रश्न : मराठीतून दिलेली आज्ञा ओळखताना काही खास अडचणी येतात. इंग्रजीत स्थळाचे नाव वाक्यात बदलत नाही. मराठीत ते विभक्तीप्रमाणे बदलते. ‘पुणे’ हे नाव नकाशात असते, पण चालक ‘पुण्याला ने’ असे म्हणतो. ‘सातारा’ हे ‘साताऱ्याला’ व ‘ठाणे’ हे ‘ठाण्याला’ होते. यंत्राला सामान्यरूप ओळखून मूळ नाव काढता आले पाहिजे. ‘चार’ व ‘चाक’ यांतील च चे उच्चार भिन्न असून लिपीत हा भेद दिसत नाही. ‘ळ’ हा ध्वनी काही बोलींत ‘य’ च्या जवळ जातो, म्हणून ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा ऐकू येतो. संख्यावाचक शब्दांपैकी शंभरापर्यंतचा प्रत्येक शब्द वेगळा शिकावा लागतो. ‘सत्तावन्न’ व ‘अठ्ठावन्न’, ‘एकसष्ट’ व ‘एकाहत्तर’ यांत गोंगाटात घोटाळा होणे सहज शक्य आहे. अनेक मराठी भाषिक दूरध्वनी क्रमांक सांगताना आपोआप इंग्रजी अंकांकडे वळतात व नंतर पुन्हा मराठीत बोलू लागतात. ‘एसी कमी कर’, ‘घरी फोन लाव’ अशा आज्ञांत दोन भाषांचे शब्द एकाच वाक्यात येतात. मराठी भाषिकाच्या दृष्टीने ते एकच सरळ वाक्य असते.

गावांच्या नावांचा प्रश्न याहून अवघड आहे. वडगाव, पिंपळगाव अशी नावे राज्यात अनेक ठिकाणी आढळतात. बुद्रुक, खुर्द किंवा शेजारच्या मोठ्या गावाचे नाव यांवरून ती वेगळी ओळखली जातात. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर झाल्यावर जुनी व नवी दोन्ही नावे बोलण्यात राहिली. इंग्रजी लिपीतून तयार झालेल्या नकाशांत मराठी नावांचे उच्चार बिघडतात. यंत्र नाव चुकीचे उच्चारते आणि रस्त्यावरील पाटीवरील नावाशी ते जुळत नसल्याने चालक क्षणभर गोंधळतो.

या सर्व गोष्टी केवळ भाषाभिमानाच्या नाहीत. यंत्राला आज्ञा कळली नाही, तर चालक ती पुन्हा देतो, मोठ्याने देतो, शब्द तोडून देतो व शेवटी पडद्याकडे पाहून बोटाने काम करतो. म्हणजे ज्या धोक्यातून सुटण्यासाठी तोंडी आज्ञा आली, त्याच धोक्याकडे तो परत येतो. इंग्रजी सहज बोलणाऱ्याला जी यंत्रणा सुरक्षित ठरते, ती मालवणी वा वऱ्हाडी वळणाने बोलणाऱ्या मालमोटार-चालकाला तितकीच सुरक्षित ठरत नाही. दिवसातील दहा-बारा तास रस्त्यावर काढणाऱ्या चालकवर्गाला तर या साधनाची गरज इतरांहून अधिक आहे. त्यामुळे निरनिराळ्या जिल्ह्यांतील स्त्रीपुरुषांच्या बोलण्याच्या नोंदी, त्याही चालत्या गाडीतील गोंगाटासह, गोळा करणे हे मराठीच्या बाबतीत रस्ता-सुरक्षेचे काम ठरते.

१९३० मधील रेडिओपासून आजच्या संभाषक यंत्रणेपर्यंतचा क्रम पाहिला असता असे दिसते, की जी साधने चालकाकडून कमीत कमी मागत गेली, ती टिकली. रहदारीची सूचना आली असता आपोआप आवाज वाढविणारा जर्मन रेडिओ, वळण येण्यापूर्वी ते सांगणारा मार्गदर्शक आवाज व स्टिअरिंगवरील साधे बटण ही त्याची उदाहरणे होत. पुनःपुन्हा एकच गोष्ट सांगणाऱ्या बोलक्या गाड्या व १९८६ चा स्पर्शपडदा ही साधने त्या वेळी मागे पडली, कारण त्यांनी दिलेल्या सोयीपेक्षा मागितलेले लक्ष अधिक होते. तोंडी आज्ञांचे भवितव्यही याच कसोटीवर ठरेल. चालकाने आपल्या नेहमीच्या भाषेत एकदा सांगावे, यंत्राने ते समजून घेऊन काम करावे आणि चालकाचे मन पुन्हा रस्त्याकडे वळावे, एवढेच या यंत्रणेकडून अपेक्षित आहे.